देठावरची राख

कार्तिक सरत आला की आदिलाबादला थंडी उतरते. यंदा तिच्याबरोबर माझ्या घरात एक वासही उतरला. मी सकाळ-संध्याकाळ फरशी पुसून घेते, चादरींच्या घड्या काठाला काठ लावून घालते, चपला दाराबाहेर ओळीत ठेवायला लावते. अशा घराच्या मागच्या अंगणात अमोलने एक निळा ड्रम आणून ठेवला. अमोल हा माझ्या धाकट्या भावाचा नातू. शेतकीचं शिकला आणि आता 'देशी पोटॅश' नावाच्या खताची पाकिटं विकतो. परदेशातून येणारं तांबडं पोटॅश महागलं, शिवाय ऐन गरजेला दुकानात सापडत नाही, म्हणून वांग्या-टोमॅटोवाले याच्याकडे वळलेत, असं तो सांगतो.

"आजी, दोनच दिवस राहू दे. गाळा रंगवून राह्यलो."

दोन दिवसांनी झाकण सैल झालं. कुजलेलं केळीचं खोड, शिळं गोमूत्र आणि राख. मी स्वयंपाकघरात उभी होते. तो वास खिडकीतून आला, माझ्या नाकात शिरला आणि थेट माझ्या लहानपणीच्या एका हिवाळ्यात जाऊन थांबला. मी खिडकी लावून घेतली आणि फटीत ओलं फडकं कोंबलं.

त्याच संध्याकाळी माझ्या नातीचा, ईशाचा फोन. ती आणि तिचा नवरा निनाद शहरात राहतात. अमोलने तिला पाकिटाचा फोटो पाठवला होता. "आजी, किती सुंदर! तुमच्या लहानपणी सगळं असंच निसर्गाचं होतं ना? लिहून पाठव ना आम्हाला. निनाद पण वाचेल."

ईशा, निनाद, सुंदर नव्हतं. घाण होतं. पण तुम्ही मागितलंत, आणि मागितलेलं काम अर्धवट करायची मला सवय नाही. म्हणून लिहिते.

ते साल राज्यांची फेररचना झाली ते, १९५६. निजामाचं राज्य जाऊन आठ वर्षं झाली होती आणि त्याचं हैदराबाद राज्य उरलं होतं. त्या नोव्हेंबरात तेही मोडलं. मी हैदराबादला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. कावीळ झाली, हळदीसारखी पिवळी पडले, आणि मामींनी मला गावी परत पाठवलं. आमचं गाव जैनथच्या बाजूला, पैनगंगेच्या काठी. काविळीत नाक फार तिखट होतं. तव्यावर तेल पडलं की मी ओसरीतून उठून पळायची. मला उसाचा रस, ताक, भात आणि उकडलेला दुधी. बाकी जगाचा नुसता वास.

त्या वासांवरूनच मला तो हंगाम आठवतो. सकाळच्या धुक्यात मिसळलेला पऱ्हाटीचा धूर. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं उपटायची आणि वर्षभर चुलीत घालायची. ओल्या ज्वारीच्या पानांचा गोडसर वास. दुपारी ओसरीवर वाळत घातलेल्या लाल मिरचीचा ठसका. आणि या सगळ्यांच्या खाली, जसा गाण्याखाली तंबोरा असतो तसा, गोदाआत्याच्या खड्ड्याचा वास.

गोदाआत्या बाबांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आजोबांनी तिला नदीकडची भाजीची वाडी कसायला दिली; कागदावर ती बाबांचीच होती. माणूस दणकट, आवाज त्याहून दणकट. कुणी तिला बिचारी म्हटलं तर ती त्याला वर्षभर पुरेल एवढं ऐकवायची. तिला दोनच गोष्टींचा गर्व होता. एक, तिच्या तोंडाचा. दुसरा, तिच्या वांग्यांचा.

ती वांगी खरोखर देखणी होती. जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, कातडी ताणलेली, इतकी चकचकीत की माझा पिवळा चेहरा तीत दिसायचा. तोडून आठवडा झाला तरी सुरकुती नाही. आता मला ठाऊक आहे की ही सगळी पोटॅशची करामत. पोटॅश कमी पडलं की वांग्याची पानं कडेने जळतात, फळ पोचट राहतं, देठ लवकर मऊ पडतो. राखेत ते भरपूर असतं, आणि पऱ्हाटीच्या राखेत तर फारच. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या मते राख 'उष्ण' होती, आणि थंडीत झाडाला ऊब लागते म्हणून ती घालायची. एकदा हीच ऊब तिने कोथिंबिरीला दिली आणि अख्खा वाफा पिवळा करून टाकला. तेव्हा ती म्हणाली की कोथिंबिरीलाच सोसवलं नाही.

राख ती कोरडी ठेवायची, गोठ्याच्या आढ्याखाली रांजणात. पावसात भिजली की राखेतलं सत्त्व पाण्याबरोबर वाहून जातं, हे तिला बरोबर कळलं होतं. पण खड्डा! गोठ्याच्या उताराला तिने खड्डा केला होता. त्यात बैलांचं मूत साठायचं. गोमूत्र म्हणा हवं तर, आत्या मूतच म्हणायची. त्यात केळीच्या खोडाचे तुकडे, सडलेल्या शेंगांची टरफलं, आणि वरून राख. राख पडली रे पडली की खड्ड्यातून असा भपकारा उठायचा की डोळ्यांतून पाणी. मी पदर-रुमाल जे हाताशी लागेल ते तोंडावर दाबून पळायची.

"का वं पोट्टी, हैदराबादची माणसं मुततच नाहीत का?" आत्या मागून ओरडायची.

पुढे मी शिकले की राख आणि मूत एकत्र करायचीच नसतात. केलीत तर मुतातला नत्र वाफ होऊन उडून जातो. म्हणजे वांग्याच्या पोटात जायचं अर्धं खत माझ्या नाकात जात होतं. अमोललाही मी हे सांगितलं. तो म्हणाला, "आजी, परंपरा हाये ही." चूक दोन पिढ्या टिकली की तिला परंपरा म्हणतात, हे मी त्याला सांगितलं नाही. तो माझ्यासाठी औषधं आणतो.

आता राख यायची कुठून? घरोघरून. हे काम आत्या रोज करायची आणि त्याचे नियम ठरलेले होते. सकाळी सडा पडल्यावर ती डोक्यावर टोपली घेऊन निघायची. प्रत्येक घरची बाई चुलीतली थंड राख दाराशी आणून द्यायची, आणि आत्या तिच्या हातावर मूठभर हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, असं काही ठेवायची. दिवे लागल्यावर राख मागायची नाही. शुक्रवारी तर नावही काढायचं नाही, कारण राखेबरोबर लक्ष्मी जाते. राख स्वच्छ मानलेली होती. त्याच राखेने बायका देवाची तांब्या-पितळेची भांडी घासत, त्याच राखेने माझी आई माझे दुधाचे पेले घासायची, आणि खड्ड्यातून हात काढून आत्याही त्याच राखेने कोपरापर्यंत हात घासायची. तिचे हात मात्र धुतल्यावर खरोखर स्वच्छ दिसत. मी ते नीट पाहिलं आहे. किळस असली की माणूस नीट पाहतो.

सगळ्यांत जास्त राख नाक्यावरून यायची. नदीच्या उताराजवळ निजामाच्या काळापासून करोडगिरीचा नाका होता, म्हणजे जकातीची चौकी. तिथे शिपाई, कारकून, त्यांची बिऱ्हाडं. आठ-दहा चुली दिवसभर पेटलेल्या. जकात उठली तशी एकेक बिऱ्हाड पांगलं, आणि त्या नोव्हेंबरात उरलेल्यांच्याही बदल्या झाल्या. कुणी नांदेडला, कुणी हैदराबादला. किनवट आणि राजुरा आमच्या जिल्ह्यातून गेले. किनवटची माझी मावशी निजली आमच्या जिल्ह्यात आणि उठली परराज्यात. मोठी माणसं पारावर बसून मराठी की तेलुगू, मुंबई की आंध्र, याचा खल करत. आत्याला त्या फेररचनेतलं एकच कळलं.

"चुली इझल्या ना सगळ्या," ती आईला म्हणाली. "आता राख कोठून आणू, वयनी? वांगी तं आता फुगाले आली."

आणि वांगी वेळेवर फुगणं फार महत्त्वाचं होतं. आपल्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत. चार महिने वांग्यावाचून काढायचे, आणि चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा दाखवून मग खायचं. त्या दिवशी गावात प्रत्येक घरी भरीत. आत्या रोपं अशी लावायची की पहिला बहर नेमका त्या आठवड्यात तोडणीला यावा. आदल्या दिवशी पहाटेपासून वाडीच्या फाटकाशी बायकांची रांग. चार महिन्यांची जीभ घेऊन आलेल्या बायका. तिचं वर्ष त्या एका दिवसावर उभं होतं.

त्या वर्षी तर जास्तच. कारण बाबांच्या डोक्यात पऱ्हाटी भरली होती. शेजारच्या सगळ्या वावरांत कापूस. मध्येच हा हिरवा तुकडा त्यांना खुपायचा. दिवाळीत त्यांनी आत्याला सांगून टाकलं होतं, "गोदे, या चंपाषष्ठीले माल गेला तं गेला. नाही तं येत्या पावसाळ्यात तेथं पऱ्हाटी लावतो. तू घरात बस सुखानं."

"सुखानं बसाले मी का म्हातारी झाली?" आत्या म्हणाली. पण त्या रात्री ती नीट जेवली नाही. घरात बसणं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. वाडीत ती गोदाबाई होती. घरात ती भावाच्या स्वयंपाकघरातली विधवा बहीण झाली असती.

राखेची सोय तिने केली. नदीवर पोचन्ना धोब्याची भट्टी होती. मोठ्या हंड्यात कपडे उकळायचे आणि खाली पऱ्हाटी जाळायची. भट्टीखालची राख ढिगाने पडलेली, पऱ्हाटीची शुद्ध, कोरडी, पांढरीभुरकी. पोचन्नाला तिचा काही उपयोग नव्हता. "तीसुकोपो अम्मा," तो म्हणाला, घेऊन जा. "मले तेवढीच जागा मोकळी." त्याच्या म्हाताऱ्या आईला आत्या वांगी नाही तर भोपळा द्यायची. सौदा झाला. फक्त भट्टीकडे जाणारी वाट मसणवटीला लागून जात होती. दुसरी वाट नव्हती.

आत्या पहाटे जायची आणि उजाडताना परतायची. धुक्यातून, मसणवटीच्या अंगाने, डोक्यावर राखेची टोपली.

समोरच्या घरातल्या लक्ष्मीकाकू. गावातली उपासतापासांची, सोवळ्याओवळ्याची शेवटची कचेरी म्हणजे त्या. त्यांचं अंगण आमच्या ओसरीतून दिसायचं. मी तिथे पांघरुणात बसून ताक पीत असायची आणि अंगणातलं सगळं ऐकू यायचं. आजारी पोरीसमोर माणसं मोकळं बोलतात.

"मी काई म्हनत नाही बाई," लक्ष्मीकाकू विहिरीवरून आलेल्या एकीला सांगत होत्या, "पन सकाळी सकाळी तिकून कोन येते? राख घेऊन?"

"तिकून म्हंजे?"

"आता तिकून म्हंजे मी तोंडानं बोलू का?"

ती बाई घागर खाली ठेवायची विसरली. "अरे माझ्या देवा! म्हनूनच म्हनलं, इची वांगी अशी कशी टरारून फुगून राह्यली!"

"मी काई म्हनत नाही," लक्ष्मीकाकू पुन्हा म्हणाल्या, आणि अंगणाच्या कडेला थुंकल्या.

ती थुंकी मला अजून दिसते. तुळशीवृंदावनापासून हातभर अंतरावर, सारवलेल्या जमिनीवर. कुणालाच तिची घाण वाटली नाही. दोन दिवसांत राखेची दारं बंद झाली. आत्या टोपली घेऊन उभी राहिली की आतून आवाज यायचा, "आज राख नाही, वो." चूल तर पेटलेली दिसायची. मग एक पोरगी फटकळपणे बोलून गेली की आई म्हणते, मेलेल्या माणसांच्या राखेत आमच्या चुलीची राख मिसळू नको. आत्या तिथेच थांबली. नंतर घरी आली, टोपली उपडी घातली आणि दिवसाढवळ्या ओसरीवर बसून राहिली. तिच्या बाबतीत हे पुराच्या पाण्याने थांबण्यासारखं होतं.

मला यावरचा उपाय फार सोपा वाटला. मी शाळेत शिकलेली मुलगी. आरोप आला तर पुरावा द्यावा. मी म्हणाले, "आत्या, पोचन्नाचं नाव सांगून टाक ना. तो येऊन सांगेल, राख भट्टीची आहे म्हणून."

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं कोथिंबिरीच्या जळलेल्या वाफ्याकडे पाहायची.

"भट्टीत काय उकळते, माहीत हाये का तुले? बाळंतिनीचे कपडे. सुतकातले कपडे. धोब्याच्या भट्टीची राख खंडोबाच्या वांग्याले? मसनातली म्हनाले तं निदान कोनी पाह्यलं नाही. भट्टीतली म्हनलं तं मी आपल्या तोंडानं कबूल केल्यासारखं होते. अन् त्या गरिबाले कपडे देनं बंद करतील, ते वेगळं."

याच बायका त्या कपड्यांत वावरत होत्या. पोचन्नाच्या भट्टीत उकळलेलं लुगडं नेसून त्या सोवळ्याने देवासमोर बसत. कपडा त्याच्या हातून पांढरा होऊन आला की शुद्ध, आणि त्याच कपड्याखाली जळलेली पऱ्हाटी अशुद्ध. मी तर्क मांडून पाहिला, इंग्रजीत, मनातल्या मनात, शाळेत शिकवला होता तसा. तो कुठेच बसेना. किळस तर्काने चालत नाही, हे मला त्या ओसरीवर समजलं. माझीही चालत नव्हती. आत्याच्या खड्ड्याची मला शिसारीच होती. पण मी खड्ड्याला नाक मुरडायची. त्या बायका माणसाला मुरडत होत्या.

चंपाषष्ठीच्या आदल्या पहाटे मी मुद्दाम वाडीवर गेले. आईने मफलर गुंडाळून दिला. धुकं इतकं की वांग्याची झाडं नुसती काळ्या ठिपक्यांसारखी. फाटकाशी कुणी नव्हतं. ओलं गवत तुडवलेलं नव्हतं. आत्या टोपल्या मांडून बसली होती, वांगी तोडून झालेली. सूर्य वर आला, धुकं फाटलं, वांगी चमकू लागली. सुंदर म्हणायचं असेल तर त्या एका क्षणाला म्हणा. जांभळ्या-पांढऱ्या रेघांच्या टोपल्या, त्यांवर दव, आणि घ्यायला माणूस नाही.

बाबा आले. टोपल्यांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. ते दुष्ट नव्हते. खाली बसून हळूच म्हणाले, "गोदे, राहू दे आता. बैलाले टाकू."

आत्या उठली. "बैलाले काऊन? बैल काय उपाशी हायेत? गाडी जुंप."

"कोठं?"

"आदिलाबादले. तेथं कोनी मले वयखत नाही."

तिची एक पद्धत होती, ती इथे सांगायला हवी. वांगं तोडताना ती बोटभर देठ ठेवायची, आणि तोडलेलं टोक कोरड्या राखेत बुडवायची. त्यामुळे चीक सुकतो, देठ काळा पडत नाही, सडत नाही. गावात विकताना घाईत कधी करायची, कधी नाही. पण दूर जाणारा माल म्हणून त्या दिवशी तिने प्रत्येक वांग्याचं टोक राखेत बुडवलं. मीही मदत केली. मफलर नाकावर ओढून, दोन बोटांनी देठ धरून. शेवटी सगळ्या वांग्यांना राखाडी टोप्या घातल्यासारख्या दिसत होत्या. गाडी गेली तेव्हा माझ्या बोटांना राख होती आणि मी ती विहिरीवर तीनदा धुतली.

आत्या दिवस मावळताना परत आली. गाडी रिकामी. बाबांनी वाकून आत पाहिलं, हात फिरवून पाहिला. एका व्यापाऱ्याने गाडीभर माल एकदम घेतला होता आणि दुकानाच्या ओट्यावर मांडला होता. सण उद्याचा, आणि बाजारात असा माल दुसरा नव्हता. आत्याने एवढंच सांगितलं आणि ती आंघोळीला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला लक्ष्मीकाकूंकडे हळद द्यायला पाठवलं. त्यांच्या मागच्या अंगणात चूल पेटलेली, आणि चुलीजवळ सुपात वांगी. काकांनी काल संध्याकाळी सायकलवर आदिलाबादहून आणलेली.

"पाह्य, पोरी," त्या मला म्हणाल्या, "बाजारची वांगी. काय तकाकी हाये! नाही तं आपल्या गावात..." आणि त्यांनी वांगं भाजायला उचललं.

जांभळ्यावर पांढऱ्या रेघा. बोटभर देठ. टोकाला राख.

त्यांनी देठ पाहिला. थांबल्या. दुसरं वांगं उचललं, त्याचा देठ पाहिला. सुपातल्या सगळ्या वांग्यांवरून त्यांची नजर फिरली, आणि मग माझ्यावर आली. मी हळदीची पुडी धरून उभी. चुलीत ओली काटकी चुरचुरत होती. आम्ही दोघींनीही एकच गोष्ट पाहिली होती, आणि दोघींनाही ठाऊक होतं की दुसरीने पाहिली आहे. लक्ष्मीकाकूंनी अंगठ्याने राख पुसली. ती नीट गेली नाही. मग त्यांनी एकेक देठ मोडला आणि चुलीत टाकला. सगळे. पदराला हात पुसले.

"हळद ठेव तेथं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा.

दुपारी खंडोबाच्या ओट्यावर तळी उचलली. भंडारा उधळला, येळकोट झाला, खंडोबाच्या कुत्र्याला आधी घास दिला. मग पंगत. मला तेल वर्ज्य म्हणून मी भिंतीशी बसून पाहत होते. बोटं भरताला माखलेली, तोंडांचा मचमच आवाज, मिशांना लागलेलं तेल, ढेकरा. चार महिन्यांची जीभ कशी खाते ते जवळून पाहिलंत तर तुमचंही जेवण थांबेल. "बाजारच्या मालाची गोष्टच न्यारी," कुणी म्हणालं. "निर्मळ चव हाये," दुसरं म्हणालं. अर्ध्या गावाने आदिलाबादहून वांगी आणली होती. आणि जेवढ्या घरांत ती भाजली गेली, तेवढ्या घरांत कुणीतरी देठ मोडलेच असणार. बायकांच्या चेहऱ्यांवरून मी ओळखत होते. एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

आत्या पंगतीच्या टोकाला बसली होती. लक्ष्मीकाकू वाढत वाढत तिच्यापुढे आल्या. क्षणभर थांबल्या.

"घ्या गोदाबाई. बाजारातलं हाये. काई संका नाही."

आता ही बोलणार, असं मला वाटलं. अख्ख्या पंगतीला वाटलं असावं, कारण मचमच थांबली. आत्याने भाकरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, सावकाश चावलं. वर पाहिलं.

"वांगं फस्कलास हाये," ती म्हणाली. "मीठ कमी पडलं."

आणि पुढचा घास घेतला. कुणी हसलं नाही. बाबांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते, ते हसण्याने की आणखी कशाने, मला कळलं नाही. त्या वर्षी वाडीत पऱ्हाटी लागली नाही. त्यानंतरही कधी नाही.

पण आत्याने गावात पुन्हा एक वांगं विकलं नाही. दर वर्षी चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी गाडी आदिलाबादला जायची, देठांना राख लावून. दर वर्षी गावातली माणसं मागोमाग जाऊन तीच वांगी बाजारातून आणायची, तिथे जास्त पैसे मोजून, आणि दर वर्षी चुलींत देठ जळायचे. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना. कुणी बोललं नाही. मी सुट्टीत गेले की भरताचा वास यायचा आणि मला मळमळायचं, काविळीनंतर कितीतरी वर्षांनी. लोकांना वाटायचं माझं पोट नाजूक आहे. पोट माझं ठणठणीत आहे, ईशा. चौऱ्यांशी वर्षांचं आहे आणि लाकडं पचवतं.

आत्या गेली त्यालाही आता खूप काळ लोटला. पोचन्नाची भट्टी गेली, नाक्याच्या पायऱ्यांवर बाभळी उगवल्या, आणि मधल्या काळात आमचं राज्यही आणखी एकदा बदललं. पहिला बदल मी शिक्षिका असताना वर्गात मुलांना नकाशावर दाखवत असे, दुसरा टीव्हीवर पाहिला. खड्डा मात्र ड्रम होऊन माझ्या अंगणात आला.

काल अमोल ड्रम न्यायला आला. मी नाकाला पदर लावून विचारलं, "गावातले घेतात का रे तुझी पाकिटं?"

तो हसला. "गावातले कोठचे, आजी! म्हनतात, तुह्या गोठ्यातली घान आमी काऊन इकत घेऊ? आदिलाबादच्या दुकानात ठेवली ना, का तेच येऊन घेऊन जातात. वर नाव छापलं पायजे फक्त."

ड्रम उचलताना थोडं सांडलं. मी फरशीवर गरम पाणी, फिनेल, पुन्हा गरम पाणी ओतलं, तरी संध्याकाळपर्यंत वास होता.

तुमच्या बाल्कनीत वांगं लावणार म्हणालात, तर लावा. राख लाकडाची घ्या, रंग दिलेल्या लाकडाची नको. कोरडी ठेवा. थोडीच घाला, महिन्यातून एकदा मूठभर, आणि शेणा-मुतात कालवू नका. डोळे चुरचुरतील आणि नत्र जाईल. हातमोजे घाला. वास येईल, तो घाणच असेल, त्याला सुंदर म्हणू नका.

आणि फळ आलं, तोडलंत, शेजाऱ्यांना दिलंत, तर बोटभर देठ ठेवून टोक राखेत बुडवा. कुणी विचारलं तर सांगा कशाची राख आहे ती. पुसून देऊ नका.